जाहिरातीतील दोघी आणि जाहिरातीबाहेरच्या

२०२१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरची गोष्ट. आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत एका विद्यार्थ्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. डाबर कंपनीच्या ‘फेम’ या ब्लीच क्रीमची ती जाहिरात होती. दोन तरुण स्त्रिया करवा चौथच्या पहिल्या उपवासाची तयारी करीत आहेत. एक दुसरीच्या चेहऱ्याला क्रीम लावते. घरातील एक वडीलधारी बाई दोघींना सणाची वस्त्रे देते. रात्री चंद्र उगवतो, आणि दोघी चाळणीतून चंद्राकडे व मग एकमेकींकडे पाहतात. तेथे आपल्याला कळते, की या मैत्रिणी नव्हेत. हे जोडपे आहे.

जाहिरात येऊन काही दिवस झाले नाहीत तोच गदारोळ उठला. मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कायदेशीर कारवाईची धमकी दिली. २५ ऑक्टोबरला कंपनीने जाहिरात मागे घेतली आणि लोकांच्या भावना दुखावल्याबद्दल बिनशर्त माफी मागितली.

आमच्या बैठकीत यावर जी चर्चा झाली, तिच्यात दोन सूर होते. एक सूर असा, की जाहिरात बंद पाडणारे तेच आहेत जे आपल्या सभा बंद पाडतात, म्हणून आपण जाहिरातीच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. दुसरा सूर असा, की हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. ज्यांना पाणवठ्याचा आणि पोटाचा प्रश्न आहे त्यांचा याच्याशी काय संबंध? एक मुलगी मात्र त्या दिवशी काहीच बोलली नाही. बैठक संपल्यावर ती माझ्यापाशी थांबली आणि तिने एकच प्रश्न विचारला : “मॅडम, त्या दोघींना खोली भाड्याने घेताना कुणी जात विचारली असेल का?”

मी तिला अधिक काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. पण तिच्या त्या प्रश्नाने मला हा इतिहास चाळायला लावले. जाहिरातीत समलिंगी स्त्री केव्हा आली, कुणी आणली, आणि येताना ती काय टाकून आली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

१

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जाहिरात ही समाजाचा आरसा आहे असे म्हटले जाते. माझ्या मते ते खरे नाही. आरशासमोर जो उभा राहील तो दिसतो. जाहिरातीत मात्र ज्याच्या खिशात पैसा आहे असे विक्रेत्याला वाटते तोच दिसतो. म्हणून जाहिरातीत एखाद्या समूहाचे दर्शन होऊ लागले, की त्याला न्याय मिळाला असे समजू नये. त्याची ग्राहक म्हणून नोंद झाली, एवढेच समजावे.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९८१ साली बिली जीन किंग या विख्यात टेनिसपटूचे एका स्त्रीशी असलेले संबंध न्यायालयीन दाव्यामुळे उघड झाले. एका दिवसात तिचे जाहिरातींचे सारे करार गेले. ज्या बाईने स्त्री-खेळाडूंना समान बक्षीस मिळावे म्हणून लढा दिला, तिचा चेहरा एका रात्रीत विक्रीला निरुपयोगी ठरला. पुढे दीड दशकातच चित्र पालटले. सुबारू ही जपानी मोटारकंपनी १९९० च्या दशकात अमेरिकेत अडचणीत होती. आपल्या गाड्या घेतो तरी कोण याचा तिने शोध घेतला, तेव्हा शिक्षक, आरोग्यसेवेतील लोक, संगणक-तंत्रज्ञ, डोंगर-जंगलात भटकणारे असे काही गट सापडले. आणि त्यांच्यात एक गट समलिंगी स्त्रियांचा होता. कंपनीने त्यांच्यासाठी जाहिराती काढल्या. पण कशा? गाडीच्या क्रमांकाच्या पाटीवर सांकेतिक अक्षरे घातली. झीना या दूरचित्रवाणीवरील योद्धा-नायिकेच्या चाहतीची खूण, प्रॉव्हिन्सटाउन या समलिंगी लोकांच्या आवडत्या गावाचे आद्याक्षर. ज्यांना खूण कळते त्यांनी ओळखावे. इतरांना ती फक्त मोटारीची जाहिरात दिसावी. २००० साली मात्र त्याच कंपनीने मार्टिना नवरातिलोव्हाला आपल्या जाहिरातीत उघडपणे आणले.

१९८१ ते २००० या काळात बदलले काय? समाजाचे मन काही अंशी बदलले, हे खरे. त्यामागे रस्त्यावर उतरलेल्यांचा लढा होता, हेही खरे. परंतु कंपनीच्या दृष्टीने बदलला तो हिशेब. मोटार घेऊ शकणारी स्त्री तिला दिसली. मोटार घेऊ न शकणारी, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी समलिंगी स्त्री त्याही वेळी अमेरिकेत होती. तिच्यासाठी कुणी सांकेतिक पाट्या रंगवल्या नाहीत.

२

आता आपल्या देशाकडे वळू. येथे जाहिरातीत येण्याच्या कितीतरी आधी ही स्त्री रंगभूमीवर आली, बातमीत आली, आणि मोर्चातही आली. तो क्रम नीट पाहिला पाहिजे.

मराठी रंगभूमीवर १९८१ साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ आले. त्यातील सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, ही समलिंगी स्त्री आहे, आणि नाटकाच्या शेवटी ती आत्मनाश करते. प्रस्थापित रंगभूमीने तिला जागा दिली, पण जगू दिले नाही. प्रेक्षक हळहळत घरी गेला आणि व्यवस्था जागच्या जागी राहिली.

नाटकाबाहेरच्या स्त्रिया मात्र मरायला तयार नव्हत्या. १९८७ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशच्या पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी सागर येथे एकमेकींशी गांधर्व पद्धतीने विवाह केला. पुढच्या वर्षी देशभरच्या वृत्तपत्रांत त्यांची बातमी झळकली. दोघींना नोकरीतून काढून टाकण्यात आले. या दोघी मोठ्या शहरातील इंग्रजी शिकलेल्या नव्हत्या. खाकी गणवेशातील, पगारावर घर चालवणाऱ्या सामान्य बाया होत्या. ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ही बातमी पुन्हा काढून वाचावी. आणि ‘हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत’ असे म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीही वाचावी. त्या दोघींनी प्रेमाची किंमत रोजीरोटीने चुकवली.

१९९८ च्या नोव्हेंबरात दीपा मेहता यांचा ‘फायर’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत शिवसेनेच्या महिला आघाडीने चित्रपटगृहांवर हल्ला केला. पाठोपाठ दिल्लीतही तोडफोड झाली. चित्रपट पुन्हा सेन्सॉर बोर्डाकडे पाठवण्यात आला आणि १९९९ साली काहीही न कापता परत आला. या निमित्ताने ७ डिसेंबर १९९८ रोजी दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहासमोर निदर्शने झाली. त्या निदर्शनांत काही स्त्रियांनी हातात फलक धरले होते. आम्ही भारतीय आहोत आणि समलिंगी आहोत, असे ते फलक सांगत होते.

हा क्षण माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तेथे स्त्रीने स्वतःचा फलक स्वतः लिहिला होता. तिला काही विकायचे नव्हते. तो फलक धरल्यामुळे तिला मार बसू शकत होता, घर सुटू शकत होते, नोकरी जाऊ शकत होती. पुढे पंधरा-वीस वर्षांत बाजाराने हाच फलक तिच्या हातातून घेतला आणि त्यावर आपल्या मालाचे नाव छापले.

३

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या कक्षेतून प्रौढांच्या संमतीचे खाजगी संबंध वगळले. १८६० सालचा हा इंग्रजी वारसा तेव्हा पहिल्यांदा ढासळला. वाट मोकळी झालेली दिसताच बाजार पुढे सरसावला. २०१३ साली ‘फास्टट्रॅक’ कंपनीने एक जाहिरात केली. एक कपाट हलते आहे. त्यातून एक तरुणी कपडे सावरीत बाहेर पडते, मागोमाग दुसरी. स्वतःची लैंगिकता जाहीर करण्याला इंग्रजीत कपाटातून बाहेर येणे म्हणतात, त्यावरची ही कोटी होती. तरुण पिढीला ती चुरचुरीत वाटली. पण मला विचारावेसे वाटते : दहा बाय दहाच्या खोलीत जेथे सात माणसे निजतात, तेथे लपायला कपाट कुठले? ज्याला लपण्याची जागा आहे त्यालाच बाहेर येण्याचा सोहळा करता येतो. वस्तीतील मुलीचे सारे आयुष्य चार डोळ्यांसमोर जाते. तिच्याकडे दार नसते, कडी नसते. असते ती फक्त जिभेवरची कडी.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरले. तरीही २०१५ साली ‘मिंत्रा’ या ऑनलाइन दुकानाच्या ‘अनूक’ या वस्त्रछापाची जाहिरात इंटरनेटवर आली आणि लाखो लोकांनी पाहिली. सकाळची वेळ, नीटनेटके घर, दोघी तयार होत आहेत, एकीचे आईवडील भेटायला येणार आहेत. त्यांच्या बोलण्यात धाकधूक आहे आणि निश्चयही आहे. ही जाहिरात संयमाने केलेली होती, हे मान्य केले पाहिजे. तिने दोघींना चवीने पाहण्याची वस्तू केले नाही. परंतु ते घर पाहा. ते घर त्या दोघींना मिळाले कसे? घरमालकाने आडनाव विचारले नाही? काय शिजवता हे विचारले नाही? या जाहिरातीत भीती आहे ती एकच, आईबापांच्या नापसंतीची. पोलिसांची, गावाची, भावकीची, उपासमारीची भीती तिच्या चौकटीत मावत नाही.

त्याच वर्षी, मे महिन्यात, मुंबईच्या एका दैनिकात एक आगळी लग्नाची जाहिरात छापून आली. एका कार्यकर्त्याच्या आईने आपल्या मुलासाठी वर हवा असे त्यात म्हटले होते. काही वृत्तपत्रांनी नाकारलेली ही जाहिरात शेवटी छापली गेली आणि तिचे देशभर कौतुक झाले. आईचे धैर्य कौतुकास्पद होतेच. पण त्या जाहिरातीत शाकाहारी मुलगा हवा असे होते. जातीची अट नाही असे होते, आणि पुढे कंसात आपल्याच जातीला प्राधान्य असेही होते. हे गमतीने लिहिले, असा नंतर खुलासा झाला. गमत असेलही. परंतु गमतीत तेच बाहेर येते जे रक्तात मुरलेले असते. लग्नाच्या जाहिरातीचा साचा इतका पक्का, की वधूच्या जागी वर आला तरी जातीचा रकाना आपल्या जागी बसून राहिला.

४

या पार्श्वभूमीवर आपण पुन्हा फेमच्या जाहिरातीकडे येऊ. ती बंद पाडणाऱ्यांनी म्हटले, की तिने धर्म बुडवला. मी म्हणते, तिने धर्माला नवी गिऱ्हाइके मिळवून देण्याचा प्रयत्न केला.

करवा चौथ हे व्रत काय आहे? आपल्याकडे वटसावित्री, तशी उत्तरेकडे करवा चौथ. पतीच्या दीर्घायुष्यासाठी पत्नीने उपाशी राहायचे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात या साऱ्याच्या मुळाशी हात घातला होता. जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या नियमाने. हा नियम पाळायचा तर स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की मागे उरलेली स्त्री जातीला ‘अतिरिक्त’ होते. तिची विल्हेवाट लावण्यासाठी सती आणि सक्तीचे वैधव्य, आणि पुरुषाची सोय लावण्यासाठी बालविवाह, अशा प्रथा निर्माण झाल्या. पतीच्या आयुष्यासाठी उपवास करणाऱ्या बाईच्या पोटात भूक आहे तशी भीतीही आहे : हा गेला तर माझे काय होईल? जातीने तिला त्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे.

आता पुरुषाशी लग्नच न करणाऱ्या स्त्रीचा विचार करा. जातीच्या हिशेबात तीही अतिरिक्तच आहे. ती जातीला मूल देत नाही, कुळाला वंश देत नाही, बापाला व्याही देत नाही. म्हणून दोन स्त्रियांचे प्रेम ही जातिव्यवस्थेच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. पायाचा एक दगड तेथे हलू शकतो. जाहिरातीने काय केले? तो दगड पुन्हा नीट बसवून दिला. दोघींना व्रत दिले, सासू दिली, चाळणी दिली. तुम्ही कुणावरही प्रेम करा, मात्र आमच्या देवघरात येऊन करा, असा हा निरोप आहे. ‘फायर’मध्येही हेच व्रत आहे; पण तेथे एक जाऊ दुसरीला पाणी पाजते, तेव्हा त्यात व्रताचा उपहास आहे आणि नवऱ्याचा नकार आहे. तेवीस वर्षांनी त्याच व्रतातील बंड गळून गेले आणि सण तेवढा उरला.

दुसरी गोष्ट रंगाची. ज्या वस्तूच्या विक्रीसाठी हा सारा खटाटोप, ती वस्तू कोणती? चेहऱ्यावरची लव रसायनाने फिकी करून चेहरा उजळ दाखवणारे ब्लीच. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली, तेव्हापासून आपल्या मुलींना शिकवले गेले, की काळ्या मुलीला नोकरी नाही आणि नवराही नाही. २०२० साली अमेरिकेतील काळ्या लोकांच्या आंदोलनाची झळ लागली, तेव्हा त्या क्रीमच्या नावातील गोरेपणाचा शब्द गेला आणि चकाकीचा आला. फेमची ही जाहिरातही चकाकीचीच भाषा बोलत होती; समलिंगी लोकांच्या चळवळीतील ‘अभिमान’ हा शब्द तिने चेहऱ्याच्या उजाळ्याला जोडला होता. रंगाचा अपमान आमच्या मुलींनी शाळेपासून सोसलेला आहे. ज्यांनी त्या अपमानावर दुकान मांडले, तेच आज अभिमान विकत आहेत. मग त्या मुलीने या अभिमानात स्वतःला कुठे शोधावे?

५

म्हणून जाहिरात बंद पाडली ते बरे झाले, असा कुणी अर्थ काढील तर तो मला मान्य नाही. आपली टीका आणि त्यांची बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना व्रत विटाळले म्हणून राग आला. विटाळाची ही भाषा आपल्याला नवी नाही.

या बाबतीत बाबासाहेबांची भूमिका आपल्यासमोर आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबईत त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. वाचकांनी लैंगिक विषयावर प्रश्न विचारले होते आणि कर्व्यांनी उत्तरे दिली होती. समलिंगी आकर्षणाचा विषयही त्यांत होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनात प्रश्न आहेत तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, अशी बाबासाहेबांची मांडणी होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण महाडच्या लढ्याचा नेता त्या काळी असा खटला अंगावर घेतो, यातून आपण काही शिकणार की नाही? लैंगिकतेचा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

पुढे २००९ च्या दिल्लीच्या निकालात आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा हा भाग रद्द केला त्या निकालातही, संविधानिक नीतीचा जो विचार आला, तो बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेला विचार आहे. बहुसंख्यांच्या नीतीपेक्षा संविधानाची नीती श्रेष्ठ. २०१८ च्या खंडपीठातील न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी फेमची जाहिरात लोकांच्या असहिष्णुतेमुळे मागे घ्यावी लागली, असे पुढे जाहीरपणे बोलून दाखवले. तेव्हा समलिंगी माणसांना जे स्वातंत्र्य मिळाले त्याच्या पायात आपल्या बापाचा विचार आहे. त्या घराच्या वरच्या मजल्यावर जर फक्त उच्चवर्णीय आणि उच्चवर्गीय राहणार असतील, तर हिशेब विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आणि तो विचारण्याआधी आपले दार उघडे ठेवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्या संघटनेचा नेता ह्यूई न्यूटन याने १९७० च्या ऑगस्टमध्ये आपल्या साथींना उद्देशून सांगितले होते, की स्त्रियांची आणि समलिंगी लोकांची मुक्तिचळवळ यांना आपण मित्र मानले पाहिजे. त्यांच्याविषयीची स्वतःच्या मनातील घृणा तपासली पाहिजे. आपण नाव घेतले, जाहीरनामा घेतला. हे पान मात्र उलटायचे राहून गेले. १९७७ साली बॉस्टनच्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हमधील काळ्या समलिंगी स्त्रियांनी आपले निवेदन काढले. वंश, वर्ग, लिंग आणि लैंगिकता यांचे जुलूम एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सुटे करून लढता येत नाही, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे २०१५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अभिमान मोर्चात काही दलित तरुणांनी आपली जात आणि आपली लैंगिकता दोन्ही उघडपणे सांगितली. १९९८ च्या फलकावर जो शब्द नव्हता, तो त्या दिवशी आला.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्या प्रकरणातील काही याचिकाकर्त्या स्त्रियांनी दोन गोष्टी पुढे आणल्या होत्या. एक, समलिंगी मुलीला सर्वात मोठा धोका तिच्या जन्मघराकडून असतो. दुसरी, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस काढली पाहिजे. या दोन्ही गोष्टी आंतरजातीय विवाह करणाऱ्या मुलीला वेगळ्या सांगायला नकोत. तिचाही शत्रू घरातच असतो आणि तिचाही पत्ता ती नोटीसच भावांना सांगते. दोघींच्या गळ्याभोवतीची दोरी एकाच सुताची आहे. या नोटिशीविरुद्ध आंतरजातीय जोडपी आणि समलिंगी जोडपी एका व्यासपीठावर का येऊ नयेत?

जाहिराती पुढेही येतील. काही चांगल्या असतील, काही बंद पाडल्या जातील. आपण त्या पाहाव्यात, बंदीला विरोध करावा. पण त्यांच्यावर विसंबू नये. कारण बाजार घर दाखवतो, भाड्याने देत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकले नाही. आज देते. बाई, जाहिरातीतल्या दोघींना कुणी जात विचारली नसेल, कारण ती त्यांच्या अंगावर दिसतच होती. तुला विचारतील. तुला जात विचारतील आणि दुसरी कोण हेही विचारतील. या दोन्ही प्रश्नांविरुद्ध उभे राहणारी चळवळ आम्ही अजून तुला देऊ शकलो नाही, हा दोष आमचा आहे. आमच्या अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय हाच असेल. तू बोलली नाहीस तरी चालेल. खुर्ची मात्र तुझ्यासाठी ठेवलेली असेल.